एकच असलं तरी यादीतच द्या

एपीआय लिहिणाऱ्या सगळ्यांना कळकळीची विनंती आहे. एखाद्या फील्डमध्ये कधी एक, कधी अनेक व्हॅल्यू येणार असतील, तर ते फील्ड कायम अ‍ॅरेच ठेवा. एकच व्हॅल्यू असली तरी अ‍ॅरे, एकही नसली तर रिकामा अ‍ॅरे.

शाळेचं अ‍ॅप घ्या. दोन विषय असले की "विषय": ["गणित", "मराठी"] असं जेसन जातं आणि एकच असला की "विषय": "गणित". आता पायथनमध्ये त्यावर फॉर लूप फिरवा. एरर येत नाही, आणि खरा धोका तोच आहे. ग, ण, सुटी वेलांटी आणि त असे चार 'विषय' मुकाट्याने डेटाबेसात जाऊन बसतात. टेस्टिंगच्या डेटात प्रत्येकाला दोन-तीन विषय दिलेले असले, तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

हे सुरक्षेवरही बेततं. 2024 मध्ये जेडब्ल्यूटी टोकन हाताळणाऱ्या पायजेडब्ल्यूटी या लायब्ररीच्या 2.10.0 आवृत्तीत, टोकन कोणी दिलं हे तपासताना एकटी स्ट्रिंगही यादीसारखीच वागवली गेली. पायथनचा 'इन' यादीत पूर्ण नाव शोधतो, पण स्ट्रिंगमध्ये नुसता तुकडा सापडला तरी होकार देतो. त्यामुळे अर्धवट नावही तपासणीतून सुटायचं. 2.10.1 मध्ये ते दुरुस्त झालं.

समोरून येणारं जेसन आपल्या हातात नसतं, हे खरं. जेडब्ल्यूटीच्या ऑडियन्स फील्डमध्ये एकच नाव असेल तर साधी स्ट्रिंग द्यायला आरएफसी 7519 मुभाच देतो. अशा वेळी डेटा वाचतो तिथेच एक छोटं फंक्शन लावा: नल आला तर रिकामी यादी, अ‍ॅरे आला तर तसाच, बाकी काहीही आलं तर ते यादीत घालून द्या. पुढच्या कोडला फक्त यादीच दिसू दे. जावात जॅक्सन वापरत असाल तर एकट्या व्हॅल्यूची यादी करायला तयार सेटिंग आहे. मात्र जिथे व्हॅल्यू स्वतःच अ‍ॅरे असते तिथे हे फंक्शन लावू नका. जिओजेसनमधल्या बिंदूचे रेखांश आणि अक्षांश मिळून एकच व्हॅल्यू होते.

आणि एपीआय आधीच चालू असेल, तर आज वाचून उद्या "विषय"चा अ‍ॅरे करून टाकू नका. लोकांच्या फोनमधली जुनी अ‍ॅप्स बंद पडतील. जुनं फील्ड तसंच राहू द्या, शेजारी "विषय_यादी" द्या, आणि जुन्या आवृत्त्यांचा वापर थांबल्याची खात्री झाल्यावरच जुनं काढा.