रिपोर्ट नॉर्मल, तरी बोल सुनेलाच

पिशवीत नॉर्मल रिपोर्टांची फाइल घेऊन जोडपं घरी येतं, आणि घरचे बोल लावतात ते सुनेलाच. बीज वेळेवर तयार होतं, गर्भनलिका मोकळ्या, वीर्यतपासणी चांगली, तरी वर्षभरात दिवस राहत नाहीत. वंध्यत्व असलेल्या शंभरातल्या साधारण १५ ते ३० जोडप्यांची हीच गत. वय कमी असेल तर काही काळ वाट पाहणं हाही उपचारच. पस्तिशी ओलांडलेल्या स्त्रीनं मात्र सहा महिन्यांतच डॉक्टरांना गाठावं. पुढे गोळ्यांसह आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडणं), मग आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी). या वाटेवर धीर देणारं कोणीतरी जवळ लागतं. अहिल्यानगर जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या निरक्षर बायकांनाही आरोग्यसेविका म्हणून घडवलं. असं विश्वासाचं माणूस या जोडप्यांनाही गावातच मिळायला हवं. नवरेमंडळींनो, वीर्यतपासणी सोपी आहे. ती आधी करून घ्या, आणि बायकोला दवाखान्यात एकटीला पाठवू नका.