इळी आणि एमआरआय

परवा भोकरदनकडच्या एका घरी बसलो होतो. घरातला मुलगा एकोणीस वर्षांचा. वर्षभरापासून त्याला आवाज ऐकू येतात, जेवणात विष कालवलंय असं वाटतं. आधी 'बाहेरचं' म्हणून सैलानीला नेऊन आणलं. मग देवऋषी झाला, अंगारे झाले. शेवटी डॉक्टर. एमआरआय निघाला आणि अहवालात आलं की मेंदूचे दोन भाग जोडणारा कॉर्पस कॅलोझम नावाचा पट्टा जन्मापासूनच अर्धवट आहे.

मला वाटलं, चला, करणीचं भूत उतरलं एकदाचं! तर आजी सुनेकडे बघून म्हणाली, "म्हणलं व्हतं ना, गिराणात इळीवर बसू नको म्हणून."

म्हणजे करणी गेली, एमआरआय आला, आरोपी मात्र तीच राहिली. मला भांडायचंय ते इथे.

मेंदूचे जन्मदोष आणि सायकोसिस यांचं नातं आहे, हे खरं. १९७६ मध्ये इंग्लंडमध्ये ईव्ह जॉन्स्टन आणि सहकाऱ्यांनी सीटी स्कॅनवर दाखवलं की स्किझोफ्रेनियाच्या जुन्या रुग्णांच्या मेंदूतल्या पोकळ्या मोठ्या असतात. १९८७ मध्ये डॅनियल वाइनबर्गर यांनी मांडलं की बिघाड फार लवकर होतो, पण मेंदूचा तो भाग पक्व होईपर्यंत दबून राहतो. म्हणून मूल धडधाकट दिसतं आणि आजार विशीच्या आसपास डोकं काढतो.

पण नातं म्हणजे कारण नव्हे. हा पट्टा अर्धवट असलेली कितीतरी माणसं उभ्या जन्मात एकही आवाज न ऐकता संसार करतात. उलट सायकोसिसच्या बहुतेक रुग्णांच्या एमआरआयमध्ये असा ठळक जन्मदोष दिसतच नाही. बाविसाव्या गुणसूत्राचा एक बारीक तुकडा गळाला, तर अशा साधारण चारांपैकी एकाला पुढे सायकोसिस होतो. दुवा याहून ठसठशीत क्वचितच मिळेल. आणि तिथेही दहातल्या नऊ वेळा तो तुकडा आईत शाबूत असतो, बापातही शाबूत असतो. तो नव्यानेच गळतो. आता कुणाला इळीवरून उठवणार?

दोष शोधायचाच असेल तर जरा घराबाहेर शोधा की! १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी हॉलंडची रसद तोडली. उपासमार ऐन भरात असताना ज्यांचा गर्भ राहिला, त्या मुलांत मज्जासंस्थेचे जन्मदोष वाढले आणि मोठेपणी स्किझोफ्रेनियाचं प्रमाणही जवळपास दुप्पट निघालं. हे तिथे कळलं, कारण तिथे नोंदी होत्या. १९७२ च्या दुष्काळात आपला हा मुलूख औरंगाबाद जिल्ह्यात होता. सुकडी खाऊन खडी फोडणाऱ्या बायांत गरोदर किती होत्या, आणि त्यांच्या मुलांचं पुढे काय झालं, हे कुणी विचारलं? ग्रहण मात्र आम्हाला मिनिटासकट पाठ!

आजही तेच. गर्भाची मज्जानलिका पहिल्या अठ्ठावीस दिवसांत मिटते. मज्जानलिकेचे दोष फोलिक अ‍ॅसिडने बरेचसे टळतात, हे १९९१ पासून सिद्ध आहे. पण गोळी हाती पडते ती नाव नोंदवल्यावर, म्हणजे बहुधा वेळ टळून गेल्यावर. अंबड-घनसावंगीकडची बाई तोवर ऊसतोडीला फडात पोचलेली असते. या गोळीने सायकोसिस टळतो असा माझा दावा नाही. पण पोटातल्या मेंदूची एवढीच काळजी असेल, तर ती विळीवर नव्हे, तिच्या ताटात आणि तिच्या लग्नाच्या वयात दिसायला हवी.

डॉक्टरमंडळींशीही थोडं भांडण आहे. 'जन्मतः दोष' हे दोन शब्द तुम्ही कागदावर लिहिता आणि पुढचा पेशंट बोलावता. त्या दोन शब्दांवर घरात खटला चालतो आणि निकालही लागतो. एकच वाक्य जास्त बोला, तेही सासूच्या देखत: "यात आईची चूक नाही." आणि दुसरं मुलाच्या देखत: "पट्टा तसाच राहील, पण औषधाने आवाज कमी होऊ शकतात." जन्मदोष म्हटल्यावर 'आता काय उपयोग' म्हणून गोळ्या थांबवणारी घरंही आहेतच.

२०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भोंदू मांत्रिकाला हात घालता येतो. घरातल्या या टोमण्याला कुठला कायदा लावणार?

मी निघालो तेव्हा ती बाई मुलाची गोळी पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवत होती. वर्षभरात त्या घरात उपयोगाचं काही करताना मला दिसलेली ती एकटीच.