धडा छोटा, मूल राजी

मुलांना घरीच शिकवणाऱ्या पालकांची एक तक्रार ठरलेली असते. 'शेजारचा मुलगा शाळेत पाच-पाच तास बसतो, मग आमचा घरी एक तास का बसत नाही?' मग मूल हट्टी ठरते, आळशी ठरते. काही जण तर बुद्धीचे टॉनिक लिहून मागतात. माझ्या मते अशा वेळी बहुधा मुलाला औषधाची गरज नसते. धड्याला कात्री लावण्याची गरज असते.

शाळेचे पाच तास म्हणजे पाच तास अभ्यास नव्हे. त्यात प्रार्थना, हजेरी, मधली सुट्टी, खेळाचा तास असतो. चाळीस मुलांत आपली पाळी येईपर्यंत मेंदूला विसावा मिळतो आणि घंटा झाली की विषय बदलतो. घरी मात्र एक मूल आणि समोर आई. प्रत्येक प्रश्न त्यालाच, प्रत्येक चूक लगेच पकडली जाते. अशी वीस मिनिटे शाळेतल्या तासाइतकीच थकवतात. थकलेले लहान मूल 'मी दमलो' असे सांगत नाही. ते पेन्सिल पाडते, पाणी मागते, पोट दुखते म्हणते, शेवटी रडते. आपण त्यालाच असहकार समजतो.

हा विचार नवा नाही. इंग्लंडमधील शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन (१८४२-१९२३) यांनी घरी शिकवणाऱ्या पालकांना हेच सांगितले होते: आठ वर्षांखालील मुलांचा धडा सहसा वीस मिनिटांपलीकडे नेऊ नये, पण तेवढा वेळ पूर्ण लक्ष मागावे आणि लागोपाठचे विषय वेगळ्या धर्तीचे असावेत. आपल्याकडेही २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी शाळा भरली, तेव्हा केंद्र सरकारच्या 'प्रज्ञाता' सूचनांनी पडद्यावरील वर्गांना मर्यादा घातली. पूर्वप्राथमिकला दिवसाला जास्तीत जास्त ३० मिनिटे आणि पहिली ते आठवीला ३० ते ४५ मिनिटांची फार तर दोन सत्रे, अशी ती मर्यादा होती.

घरच्या धड्यासाठी साधा हिशेब असा ठेवावा. पाच-सहा वर्षांच्या मुलाला १० ते १५ मिनिटे, सात-आठच्या मुलाला २० मिनिटे, नऊ ते अकराच्या मुलाला अर्धा तास. घड्याळ मुलाला दिसेल असे ठेवावे आणि ठरलेल्या वेळी थांबावे. गणित झाले की चित्र काढावे, वाचन झाले की झाडांना पाणी घालावे, दोरीवरच्या उड्या माराव्यात. मधल्या वेळात मोबाईल मात्र देऊ नये. त्याने डोळ्यांना विश्रांती मिळत नाही.

'अशाने बसायची सवय कशी लागणार?' असे कुणी विचारील. सवय लक्ष देण्याची लावायची असते, नुसते बसण्याची नव्हे. पंधरा मिनिटे मन लावून बसणारे मूल पुढे सहज पंचवीसवर जाते. तासभर कंटाळत बसणारे मूल फक्त कंटाळायला शिकते.

दहा मिनिटेही जमत नसतील, तर आधी पोट आणि झोप पाहावी. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज नऊ ते बारा तास झोप हवी. सकाळी पोटात काही न घालता पाढे म्हणवून घेऊ नयेत. डोळे आणि कान तपासून घ्यावेत. जंत व रक्तक्षय यांची शंका असल्यास डॉक्टरांना विचारावे. एवढे करूनही अक्षरओळखीत किंवा लक्ष देण्यात अडचण राहिली, तर रागावण्यात महिने न घालवता तज्ज्ञांना दाखवावे.

एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. शाळेत बाई रागावल्या तर मूल घरी येऊन आईच्या कुशीत शिरते. बाई आणि आई एकच असतील, तर त्याने जायचे कुठे? म्हणून आवाज चढण्याआधी पुस्तक मिटावे. राहिलेला धडा उद्या होईल.