अंगणांतील गॅसची शेगडी

परदेशीं स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींच्या मागील अंगणांत गॅसवर चालणारी झांकणाची मोठी शेगडी, म्हणजे ‘बार्बेक्यू ग्रिल’, पुष्कळदां आढळते. इकडेही बंगल्यांच्या गच्चीवर ती दिसूं लागली आहे. ती केवळ मांसाहाऱ्यांची वस्तु, हा समज मात्र खरा नव्हे.

घर मोठें म्हणून अधिक बर्नरांची शेगडी घ्यावी, असा मोह होतो. परंतु या यंत्राचें मर्म झांकणांत आहे. शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ सालीं समुद्रांत तरंगणाऱ्या धातूच्या बोयापासून झांकणाची कोळशाची शेगडी बनविली. वाऱ्यापावसांतही तिची आंच टिके. गॅसच्या शेगडीचेंही झांकण असेंच जाड व नीट बसणारें पाहावें. शिवाय निदान दोन बर्नर स्वतंत्र चाव्यांचे असावेत. एकच पेटविला, म्हणजे एका बाजूस प्रखर आंच व दुसरीकडे भट्टीसारखी मंद उष्णता मिळते. परदेशांतील शेगडी मात्र इकडील सिलिंडरला परस्पर जोडूं नये. तिचा रेग्युलेटर व जोड निराळे असतात.

पेटवितांना झांकण उघडें असावें, नाहींतर सांचलेला गॅस एकदम भडकतो. नळीच्या सांध्यांना साबणाचें पाणी लावून बुडबुडे येतात कीं काय, तें आधीं पाहावें. कितीही पाऊस असो, ही शेगडी घरांत अथवा बंद गॅलरींत पेटवूं नये. तिच्यापासून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो प्राणघातक आहे.

पेटल्यावर झांकण लावून १० ते १५ मिनिटें तापवावी. भरताच्या वांग्यास टोंचे मारून तेलाचा हात लावावा. प्रखर आंचेवर साल करपली, कीं तें मंद बाजूस सारून झांकावें. गर आंतपर्यंत मऊ होतो. रताळीं सालीसकट मंद बाजूसच ठेवावीं; त्यांस सुमारें पाऊण तास लागतो. पनीर अगदीं शेवटीं, दोन्ही बाजूंनीं दोन-तीन मिनिटें. गॅसला स्वतःचा खमंगपणा नसतो. तापलेल्या पत्र्यावर पडणाऱ्या रसाच्या व तेलाच्या थेंबांचा धूर तो देतो. तेल अधिक झालें तर मात्र ज्वाळा उठतात.

पानावर बसण्यापूर्वीं सिलिंडरची चावी बंद झाल्याचें एका जबाबदार माणसानें प्रत्यक्ष पाहावें. ‘दुसऱ्या कोणीं केली असेल’ हा एकत्र कुटुंबांतील नेहमींचा भरंवसा येथें कामाचा नाहीं.