सूत्र पाठ झाले, बल कधी मोजणार?

पुण्यात अप्पा बळवंत चौकातून तापकीर गल्लीत चालत जायला काही मिनिटे पुरतात. चौकात दहावी-बारावीची गाइडे आणि अपेक्षित प्रश्नसंच मिळतात. गल्लीत विजेचे सामान. विज्ञान शिकणाऱ्या मुलांना पहिला पत्ता तोंडपाठ असतो. दुसरीकडे त्यांना कोणी पाठवत नाही, आणि तिथेच आपल्या विज्ञानशिक्षणाचे घोडे अडते.

दोन विद्युतचुंबकांमधले बल किती, हा साधा प्रश्न घ्या. दहावीला नालकुंतल आणि फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम येतो, बारावीला दोन समांतर तारांमधल्या बलाचे सूत्र. एक मीटर अंतरावरच्या दोन लांबलचक तारांतून प्रत्येकी एक अँपिअर धारा वाहत असेल, तर दर मीटरला न्यूटनचा पन्नास लाखावा भाग एवढे बल येते. २० मे २०१९ पर्यंत अँपिअरची व्याख्याच या बलावर उभी होती. उदाहरण सुटते, गुण मिळतात.

पण तारेच्या वेटोळ्यात लोखंडी बोल्ट घातला की हे सूत्र पुरत नाही. लोखंड स्वतः चुंबकित होते आणि बल कितीतरी पटींनी वाढते. दोन गाभ्यांची तोंडे एकमेकांना भिडलेली असतील आणि तिथे चुंबकीय क्षेत्र १.६ टेस्ला असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १० किलो वजनाइतकी ओढ बसते. धारा वाढवत नेली तरी ही ओढ त्याच वेगाने वाढत राहत नाही, कारण लोखंड संपृक्त होते.

अंतराचे गणित तर आणखी मजेदार आहे. गाभ्याच्या लांबीच्या मानाने चुंबक बरेच दूर असतील, तर अंतर दुप्पट झाल्यावर बल सोळाव्या हिश्शावर येते. जवळ असताना हा नियम लागू पडत नाही. शिवाय सजातीय ध्रुव समोरासमोर ठेवले, तर तेवढ्याच धारेला अपकर्षण आकर्षणापेक्षा कमी भरते, कारण प्रत्येक चुंबक समोरच्या लोखंडाचे चुंबकत्व थोडे मारतो. एका ओळीच्या सूत्रात हे सारे मावत नाही.

मोजमापात मात्र ते लख्ख दिसते. दोन बोल्ट, वाइंडिंगची तार, बॅटरी आणि स्वयंपाकघरातला डिजिटल काटा एवढ्यावर काम भागते. एक चुंबक थर्माकोलच्या जाड ठोकळ्यावर, काट्यापासून उंच ठेवायचा. दुसरा लाकडी स्टँडला, त्याच्या बरोबर वर टांगायचा. धारा सुरू केली की काट्यावरचा आकडा हलतो. एका ग्रॅमचा फरक म्हणजे साधारण न्यूटनचा शंभरावा भाग. अंतर मिलिमीटरने वाढवत आलेख काढायचा. तार तापते, म्हणून धारा काही सेकंदच ठेवायची, आणि घरातल्या विजेच्या वाटेला जायचे नाही.

हे शिकवायला पुण्यासारखे शहर नाही. इथल्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी अनेक वर्षे टाकाऊ वस्तूंतून खेळणी घडवली. सेफ्टी पिना, बॅटरी, तारेचे वेटोळे आणि छोटा चुंबक यांची त्यांची मोटर असंख्य मुलांनी स्वतःच्या हातांनी फिरवली आहे. हीच आयुका गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठीच्या, औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया प्रकल्पातल्या प्रमुख संस्थांपैकी एक. अमेरिकेतल्या लायगोमध्ये ४० किलोचे आरसे चार टप्प्यांच्या लोलकाला टांगलेले असतात, आणि त्यातल्या वरच्या टप्प्यांना अलगद ढकलण्याचे काम कॉइल आणि चुंबकच करतात. तिथे बलाचा अंदाज चुकून चालत नाही.

मोटर फिरताना पाहून मूल थक्क होते, ती सुरुवात झाली. ती कोणत्या बलाने फिरते हा त्यापुढचा प्रश्न, आणि तो शाळेनेच विचारायला हवा. आज अनेक ठिकाणी प्रयोगवहीतली निरीक्षणे आधीच्या वर्षीच्या वहीतून उतरवली जातात. त्याऐवजी दहावीच्या प्रात्यक्षिकात प्रत्येक गटाने स्वतः गुंडाळलेल्या दोन चुंबकांचा आलेख द्यावा. सूत्राशी तो जुळला नाही, तर का जुळला नाही हे चार ओळींत लिहावे, आणि सर्वाधिक गुण त्या चार ओळींना असावेत. शिक्षण मंडळाला त्यासाठी नवे पुस्तक छापावे लागणार नाही. गुणांची वाटणी बदलली तरी पुरेल.