बीडिंगला फाशी देण्याआधी...

पहिला धो-धो पाऊस झाला की घरातल्या जुन्या गाडीत कुबट वास सुटतो. फुटमॅट उचललं तर खालचं कार्पेट पिळून काढावं इतकं ओलं. पुढचा सीन ठरलेला. बाबा म्हणतात, ‘बीडिंग गेलं.’ गॅरेजवाला म्हणतो, ‘चारही दारांचं बदलून टाकू.’ आणि घरातले टेक-एक्सपर्ट, म्हणजे तुम्ही, सिलिकॉनची ट्यूब ऑर्डर करून मोकळे!

माझं म्हणणं एवढंच आहे, पाणी नेमकं कुठून येतंय हे कळेपर्यंत एक रुपयाही खर्च करू नका. आणि ते शोधायचं काम तुमचं. ऐन पावसाळ्यात गॅरेजवाल्याला एका गाडीपाशी तासभर बसायला वेळ नसतो, तुमच्याकडे अख्खा रविवार असतो.

मुळात कारचं दार वॉटरप्रूफ नसतंच. खिडकीच्या काचेवरून ओघळणारं थोडं पाणी दाराच्या पोकळीत उतरतं आणि दाराच्या खालच्या कडेला असलेल्या छोट्या भोकांतून बाहेर पडतं. हे पाणी केबिनमध्ये येऊ नये म्हणून आतल्या पॅनलच्या मागे एक प्लास्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. म्हणजे संशयित तीन आहेत. रबराचं बीडिंग, चिखलाने बुजलेली भोकं आणि सुटलेला पडदा. स्पीकर बदलताना किंवा पॉवर विंडो दुरुस्त करताना कुणी पॅनल उघडलं असेल आणि पडदा नीट परत चिकटवला नसेल, तर तिसऱ्यावर माझा पहिला संशय.

आधी भोकं बघा. दार हलवल्यावर आत डुचमळल्यासारखा आवाज आला तर ती बुजलीत. केबल टाय घालून साफ करा. स्क्रू ड्रायव्हर नको, रंग खरवडला की गंज तिथूनच सुरू होतो. आणि काही उत्साही मंडळी ‘भोक दिसलं, बुजवलं’ म्हणून तिथेच सिलिकॉन भरतात. मग दाराची बादली होते आणि ते आतून सडायला लागतं.

आता बीडिंग. दहाची नोट दारात अर्धी ठेवून दार लावा आणि ओढा. ती अडकत अडकत यायला हवी. अलगद सुटून आली तर तिथे रबर नीट दाबत नाहीये. असं दाराभोवती सगळीकडे करा. मग एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं (आजीही चालेल, तिची नजर या बाबतीत भारी असते) आणि दुसऱ्याने बाहेरून पाइपने बारीक धार सोडायची. सुरुवात खालून. वरून सोडलंत तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. पाणीकपात असेल तर तांब्याही पुरतो. प्रेशर वॉशर मात्र नको, त्याने धडधाकट रबरातूनही पाणी आत घुसू शकतं.

बऱ्याचदा बीडिंग फक्त मळलेलं किंवा कडेवरून निसटलेलं असतं. हाताने दाबून बसवा, साबणाच्या पाण्याने पुसा, सुकलं की सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. इंजिन ऑइल किंवा पेट्रोलियम जेली लावू नका, या रबराला ती मानवत नाहीत, ते फुगतं. फाटलंच असेल तर त्या एका दाराचं बदला. चारही कशाला?

आणि हो, पाऊस नसतानाही फक्त एसी लावल्यावर पुढे पायाशी ओल येत असेल, तर दाराला उगाच बदनाम करू नका. एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी तुंबली असणार.

कार्पेट वरून कोरडं वाटलं तरी खालचा फोम कित्येक दिवस पाणी धरून ठेवतो. वास तिथूनच येतो, पत्राही तिथेच गंजतो. काही गाड्यांत वायरिंगचे कनेक्टरही त्याच्याखाली असतात. म्हणून कार्पेट उचलून खालून वाळवा.

पॅनल उघडणं मात्र मी घरी सुचवणार नाही. काही गाड्यांत साइड एअरबॅगचा सेन्सर दारातच असतो. ते काम गॅरेजचं. फक्त तिथे जाऊन ‘गाडी गळतेय’ एवढंच सांगू नका. ‘काका, मागच्या डाव्या दाराचा आतला पडदा सुटलाय, तेवढा चिकटवून द्या,’ असं सांगा आणि बिलातला फरक बघा.