पोटभाडेकरू कुबरनेटीस

एका क्लस्टर मॅनेजरच्या डोक्यावर दुसरा ऑर्केस्ट्रेटर बसवावा की नाही, हा वाद २०१५ च्या सुमारास ऐन रंगात होता. एकीकडे बर्कलीत जन्मलेला आणि ट्विटरच्या सर्व्हरांवर तावूनसुलाखून निघालेला मेसोस. दुसरीकडे गूगलने जून २०१४ मध्ये खुला केलेला आणि पुढच्या जुलैत १.० झालेला कुबरनेटीस. खाली मेसोस, वर कुबरनेटीस अशी मोट बांधण्याची सोय कुबरनेटीसच्याच कोडमध्ये एका कोपऱ्यात करून ठेवलेली होती.

ही मोट बांधावी म्हणणारा पूर्वपक्ष लेचापेचा नव्हता. एकाच कंपनीत हडूप, स्पार्क आणि वेबसेवा असतात. प्रत्येकाला वेगळी यंत्रं दिली, तर दिवसा एक ताफा झोपा काढतो आणि रात्री दुसरा. बोर्ग या आपल्या अंतर्गत क्लस्टर मॅनेजरवर गूगलने २०१५ मध्ये लिहिलेल्या निबंधात यावर आकडाच आहे: ग्राहकांना थेट सेवा देणारी आणि बाकीची कामं वेगवेगळ्या यंत्रांवर नेली, तर मध्यक क्लस्टरला २० ते ३० टक्के यंत्रं जास्त लागतील. शिवाय मेसोसच्या कर्त्यांनी २०११ मध्ये ५०,००० आभासी नोडपर्यंत चाचणी करून दाखवली होती, कुबरनेटीस १.० ची मजल जेमतेम १०० नोड. मग नवख्याने अनुभवी गड्याच्या खांद्यावर बसावं, यात वावगं ते काय?

वावगं हे, की दोन्ही मुद्दे खरे असूनही त्यांतून हा निष्कर्ष निघत नाही. कुबरनेटीस अडत होता तो त्याच्या एपीआय सर्व्हरपाशी आणि क्लस्टरची सगळी नोंद ठेवणाऱ्या एटसीडीपाशी. दुकानामागचं गोदाम वाढवलं म्हणून काउंटरवरची रांग हटत नाही. मेसोसचा आधार न घेता मार्च २०१६ च्या १.२ मध्ये तो १,००० नोडवर आणि २०१७ च्या १.६ मध्ये ५,००० वर पोचला. बोर्गचा आकडा तर पूर्वपक्षावरच उलटतो. बोर्गमध्ये ही बचत होते, कारण सगळं क्लस्टर एकाच शेड्युलरच्या नजरेखाली असतं.

मेसोसचं काम मात्र दोन टप्प्यांत चालतं. त्याचा मास्टर फ्रेमवर्कला, म्हणजे वर बसलेल्या स्पार्क किंवा कुबरनेटीससारख्या प्रणालीला, ऑफर देतो, ‘अमुक यंत्रावर ४ सीपीयू आणि ८ जीबी मोकळे आहेत, हवेत का?’ फ्रेमवर्क घेतं किंवा नाकारतं. पुढ्यात आलेलं ताट त्याला दिसतं, स्वयंपाकघर नाही. कुबरनेटीसच्या शेड्युलरला मात्र सगळ्या नोडची यादी समोर लागते. तो ती गाळतो, उरलेल्यांना गुण देतो आणि मग जागा ठरवतो. म्हणून या मोटेत त्याला हटवून त्याच्या जागी वेगळा शेड्युलर बसवावा लागला आणि प्रत्येक यंत्रावरचा कुबरनेटीसचा हस्तक, क्युबलेट, मेसोसच्या एक्झिक्युटरच्या पोटात घालावा लागला. थोडक्यात, घर आपलं समजणारा पोटभाडेकरू.

या मोटेची उभारणी कागदावर सोपी होती. एटसीडी सुरू करा, मेसोस मास्टरचा पत्ता द्या, दोन ओळींची कॉन्फिग फाइल लिहा, एकाच बायनरीतून एपीआय सर्व्हर, कंट्रोलर मॅनेजर आणि शेड्युलर चालवा. मग समजा, पहिल्याच पॉडने, म्हणजे एकत्र चालणाऱ्या कंटेनरांच्या गटाने, यंत्रावरचा ८० नंबरचा पोर्ट मागितला. कुबरनेटीसची कमांड कुबेक्टल म्हणते ‘पेंडिंग’. ५०५० पोर्टवरचं मेसोसचं पान उघडावं, तर तिथे सीपीयू मोकळे, मेमरी मोकळी. दोघंही खरंच बोलतात. मेसोसचा एजंट, वेगळं काही सांगितलं नसेल, तर ३१००० ते ३२००० एवढेच पोर्ट वाटायला काढतो. ८० नंबर असलेली ऑफर येणारच नसते, आणि पॉड तिचीच वाट बघत बसतो.

हा दोष मागाहून शहाणे झालेल्यांनी शोधला, असंही नाही. गूगलच्याच ओमेगा या शेड्युलरवरील २०१३ च्या निबंधात हीच टीका आहे: ऑफरवर जगणाऱ्या शेड्युलरला क्लस्टरचं पूर्ण चित्र दिसत नाही, आणि एकाचा विचार चालू असेपर्यंत ती साधनं दुसऱ्याला मिळत नाहीत. त्या निबंधाच्या लेखकांत अँडी कॉनविन्स्की आहेत, आणि मेसोसच्या मूळ निबंधाच्या लेखकांतही तेच आहेत. म्हणजे टीका घरातलीच.

यावर पूर्वपक्षाचं शेवटचं अस्त्र असं: कुबरनेटीस व्हर्च्युअल मशीनवर चालतोच की, तो काय थर नव्हे? थर आहेच, आणि तक्रार थराबद्दल नाही. हायपरवायझर आखलेलं मशीन हाती देतो आणि आत कुठला पॉड आला याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. मेसोस प्रत्येक पॉडच्या व्यवहारात मध्यस्थ होता. मेसोसभोवती उभ्या राहिलेल्या मेसोस्फिअर कंपनीनेही २०१७ मध्ये जुनी वाट सोडली आणि मूळ कुबरनेटीस, त्याच्या स्वतःच्या शेड्युलरसह, जसाच्या तसा चालवायला घेतला. पुढे स्पार्कनेही बिऱ्हाड हलवलं. मेसोसवर काय करता येतं याचा नमुना म्हणून ज्याचा जन्म झाला, त्या स्पार्कने २०१८ मध्ये कुबरनेटीसला थेट आधार दिला आणि ४.० आवृत्तीत मेसोसचा काढून टाकला.

मग यंत्रं वाटून वापरायची कशी? निर्णय वाटून. ‘केव्हा’ एकाकडे, ‘कुठे’ दुसऱ्याकडे. कुबरनेटीसच्याच मंडळींचं ‘क्यू’ हे साधन असं चालतं: जॉब आधी स्थगित ठेवायचा, तो ज्या चमूचा, त्याच्या कोट्यात जागा झाली की स्थगिती उठवायची, पॉड कुठल्या नोडवर जाणार, ते नेहमीचा शेड्युलर बघतो. यातही पेच आहेच. कोट्याच्या बेरजेत ८ जीपीयू शिल्लक दिसतात, पण ते चार नोडवर दोन-दोन असे विखुरलेले असतात, आणि आठही एकत्र मागणारा पॉड ‘पेंडिंग’ राहतो. पण तेव्हा दुसरं पान उघडावं लागत नाही. कुबेक्टलला त्या पॉडचं वर्णन विचारलं, की किती नोडवर काय कमी पडलं ते त्याच उत्तराच्या तळाशी लिहिलेलं असतं.